तुमचा दिवस कुठे संपतो, ते आधी ठरवा

पत्र: मी गेली दीड वर्षे एका कुटुंबात राहून त्यांची मुलगी सांभाळते आहे. मी आले तेव्हा ती चार महिन्यांची होती, आता दोन वर्षांची होत आली आहे. सकाळी सहाला ती उठली की माझे काम सुरू होते, आणि रात्री नऊला ती झोपली, तिचे कपडे-बाटल्या आवरून झाल्या, की संपते. पण ती झोपते माझ्याच खोलीत आणि रात्री एकदोनदा उठतेच. आठवड्यातून अर्धा दिवस सुट्टी मिळते. आता ताईंना दुसरे बाळ होणार आहे आणि त्यांनी मला आणखी दोन वर्षे थांबाल का, असे विचारले आहे. पगार मात्र आहे तोच राहील, कारण राहणे-जेवणे घरातच आहे, असे दादा म्हणाले. माणसे वाईट नाहीत, मला घरच्यासारखे वागवतात. पैशांचा विषय काढला तर त्यांचे मन दुखावेल असे वाटते, आणि नोकरी गेली तर डोक्यावरचे छप्परही जाईल ही भीती आहेच. किती मागावे आणि कसे मागावे?

सप्रेम नमस्कार,

तुम्ही आधी ‘किती’ विचारले आहे आणि मग ‘कसे’. या दोन्हींच्या आधी येणारा एक प्रश्न तुमच्या पत्रात नाही, आणि माझ्या मते तुमची सगळी अडचण त्याच्याभोवती आहे. तो प्रश्न असा, की तुमचा कामाचा दिवस नेमका कुठे संपतो? येऊन-जाऊन काम करणाऱ्या बाईचा दिवस ती दारातून बाहेर पडली की संपतो, त्यासाठी तिला कुणाशी वाद घालावा लागत नाही. तुम्ही कामाच्या जागीच राहता, त्यामुळे तुमच्या दिवसाला असा शेवट आपोआप मिळत नाही. तो बोलून ठरवावा लागतो आणि लिहून ठेवावा लागतो. तो ठरलेला नसेल, तर पगार कितीही वाढवून घेतला तरी त्या वाढीच्या मागे नवे तास येत राहतील आणि वर्षभरात तुम्ही पुन्हा इथेच याल.

तुम्हीच लिहिलेल्या वेळा घेऊन हिशोब करून पाहू. सकाळी सहा ते रात्री नऊ म्हणजे 15 तास. असे सहा दिवस धरले तर 90 तास झाले, आणि सातव्या दिवसाचे अर्धे काम मिळवले की आठवड्याचे सुमारे 97 तास भरतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1919 साली केलेल्या तिच्या पहिल्याच करारात कारखान्यांतील कामासाठी दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली होती. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी कारखान्यातील कामगारासाठी जे प्रमाण मानले गेले, त्याच्या दुपटीहून अधिक वेळ तुम्ही आज काम करता, आणि यात रात्रीचे उठणे धरलेलेच नाही.

दुपारी मुलगी झोपते तेव्हा मी मोकळीच असते, असे कदाचित तुम्हाला वाटेल. दादा तर ते नक्कीच म्हणतील. त्या वेळेचा कस लावण्याचा एक साधा मार्ग आहे. त्या दीड-दोन तासांत तुम्हाला घराबाहेर पडता येते का, पाय मोकळे करायला किंवा स्वतःच्या कामासाठी कुठे जाता येते का, हे स्वतःला विचारा. मुलगी कोणत्याही क्षणी उठेल म्हणून घरातच थांबावे लागत असेल, तर ती वेळ तुमची नव्हे. घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2011 साली संमत केलेल्या 189 क्रमांकाच्या करारातही याच तत्त्वाला जागा दिली आहे: ज्या वेळेचा विनियोग कामगार आपल्या इच्छेने करू शकत नाही आणि बोलावणे आलेच तर हजर राहण्यासाठी थांबून असते, ती वेळ देशाचे कायदे, सामूहिक करार वा प्रचलित पद्धत ठरवतील त्या मर्यादेत कामाची वेळ समजली जावी. हा करार 2013 पासून अमलात आहे. ज्या देशांनी त्याला मान्यता दिली आहे त्यांनाच तो बांधतो, आणि मान्यता न दिलेले देश अजून पुष्कळ आहेत; म्हणून दादांसमोर तो कायद्याचे कलम म्हणून मांडू नका. पण आपण काही जगावेगळे मागत नाही, याची खात्री तुमच्या स्वतःच्या मनाला पटवण्यासाठी तो जवळ असू द्या. तुम्ही राहता तिथे घरकामाला किमान वेतन लागू आहे का, हे मात्र स्थानिक कामगार कार्यालयात किंवा घरकामगारांच्या संघटनेत बोलण्यापूर्वीच विचारून घ्या. ते लागू असेल, तर वाटाघाट त्या आकड्याच्या वरच सुरू व्हायला हवी.

आता रात्रीविषयी. मी याला सर्वांत जास्त महत्त्व देते, कारण राहून काम करणाऱ्या बहुतेक बायका रात्र पगारात धरतच नाहीत. रात्री तीन प्रकारच्या असतात. मूल आईवडिलांच्या खोलीत झोपते आणि तुम्ही दार लावून सकाळपर्यंत झोपता, ही तुमची स्वतःची रात्र. मूल तुमच्या खोलीत झोपते आणि उठले तर तुम्ही उठता, ही राखणीची रात्र. तीत तुम्ही झोपलात तरी कान जागेच असतात, म्हणून तिच्यासाठी प्रत्येक रात्रीमागे एक ठरलेली रक्कम वेगळी मिळायला हवी, आणि ज्या ज्या वेळी उठावे लागले त्याचे पैसे त्यावर. तिसरी रात्र नवजात बाळाची. दर दोन-तीन तासांनी दूध, लंगोट, ढेकर काढणे आणि पुन्हा झोपवणे, यांत सलग झोप अशी मिळतच नाही. ती पूर्ण कामाची पाळी समजायची, आणि तशी रात्र काढलेल्या बाईने दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा दोन वर्षांच्या मुलीमागे धावू नये. हे केवळ तुमच्या सोयीसाठी सांगत नाही. झोप न झालेल्या माणसाच्या हाती आंघोळीच्या पाण्यातले मूल देणे धोक्याचे असते, आणि हे कोणत्याही आईला सांगितल्याबरोबर पटते.

दुसरे बाळ आले की तुमच्या तीनही प्रकारच्या रात्री बदलणार आहेत. म्हणून या वाटाघाटीत पहिले वाक्य पगाराचे नको, रात्रीचे असू द्या: बाळ आल्यावर रात्री त्याच्याकडे कोण पाहणार?

राहण्या-जेवणाच्या मुद्द्यावर मला थोडे अधिक थांबायचे आहे, कारण दादांनी सगळा भार त्यावर टाकला आहे आणि तुम्हीही तो मनातून मान्य केल्यासारखा दिसतो. तुम्ही त्या घरात राहता ते कुणाच्या गरजेसाठी? पहाटे मूल उठते तेव्हा माणूस हजर हवे, रात्री घरी यायला उशीर झाला तर कुणी थांबून हवे, ही गरज त्यांची आहे. तुम्ही तिथे झोपता म्हणूनच त्यांना दोन पाळ्यांसाठी दोन बायका ठेवाव्या लागत नाहीत. ज्या खोलीत मूलही तुमच्याबरोबर झोपते, ती खोली तुम्हाला भाड्याने दिलेली जागा म्हणून मोजता येत नाही. वर सांगितलेल्या करारासोबत जे शिफारसपत्र आहे, त्यातही हेच सांगितले आहे की घराने पुरवलेल्या जागेत राहणे कामासाठी आवश्यक असेल, तर कामगाराच्या संमतीशिवाय त्या जागेपोटी पगारातून कपात होऊ नये. राहण्याची जागा स्वतंत्र, हवेशीर आणि कुलूप लावता येईल अशी असावी व तिची किल्ली कामगाराकडे असावी, असेही त्यात म्हटले आहे. जेवणाचेही तसेच. ते चांगले व पोटभर असावे ही कामाची अट आहे. पगार थांबवण्याचे कारण म्हणून ते वापरता येत नाही. आणि एक गोष्ट दादांनी लक्षात घ्यायला हवी: दीड वर्षापूर्वी पगार ठरला तेव्हाही राहणे-जेवणे घरातच होते. म्हणजे ते त्या वेळी हिशोबात आलेलेच आहे. आता काम वाढणार असताना तीच गोष्ट दुसऱ्यांदा कशी मोजता येईल?

आकड्याकडे येऊ. तुमच्या भागात एका मुलाला आठ तास सांभाळायला येऊन-जाऊन काम करणाऱ्या तिघी-चौघींना त्यांचा पगार विचारा. बायका सहसा पगार सांगायला संकोचतात, पण कारण सांगितले तर सांगतात. जो सरासरी आकडा येईल तो त्यांच्या महिन्याच्या कामाच्या तासांनी भागा. हा झाला तासाचा दर. त्या दराने तुमचे दिवसाचे ठरलेले तास मोजा, राखणीच्या रात्रींची रक्कम वेगळी लिहा आणि दोन मुलांसाठीची वाढ त्याखाली मांडा. एका मुलाच्या पगाराची सरळ दुप्पट मागावी असे मी म्हणणार नाही, कारण दोन मुले एकाच छपराखाली असतात आणि काही कामे सामायिक होतात. पण दोघांच्या झोपेच्या वेळा जुळत नाहीत, त्यामुळे आज दुपारी जी थोडी उसंत मिळते ती पूर्णपणे जाणार आहे, आणि त्या उसंतीची किंमत वाढीत दिसली पाहिजे.

हा हिशोब पूर्ण झाला की येणारा आकडा तुम्हाला घाबरवील. सध्याच्या पगाराहून तो इतका मोठा असेल, की कागद बाजूला ठेवून थोडीशी वाढ मागून मोकळे व्हावेसे वाटेल. कृपा करून तसे करू नका. तो आकडा मोठा दिसतो, कारण तास मोठे आहेत. ज्या घराला तेवढे पैसे देणे खरोखर शक्य नाही, त्या घराशी आकड्यावर घासाघीस करण्याऐवजी तास परत मागायचे. रात्री मूल आईवडिलांकडे झोपेल, आठवड्याचा पूर्ण दिवस सुट्टी मिळेल, संध्याकाळी साडेसातनंतर मुलीकडे घरातले कुणी पाहील, असे एकेक ओझे कागदावरून उतरवत गेले की आकडाही खाली येतो, आणि तुम्हाला पैशांऐवजी झोप व मोकळा वेळ मिळतो. मी स्वतः तुमच्या जागी असते तर रात्री आधी परत घेतल्या असत्या. एक गोष्ट मात्र सौद्यात काढू नका, ती म्हणजे आठवड्यातून सलग 24 तासांची पूर्ण विश्रांती. 189 क्रमांकाच्या करारात ती किमान मर्यादा म्हणून सांगितलेली आहे, आणि त्या 24 तासांत घरात थांबण्याचे बंधन तुमच्यावर नसावे, हेही त्यातच आहे. अर्ध्या दिवसाच्या सुट्टीत बाई परत येते तेव्हा तिचे मन अजून घराच्या वाटेवरच असते.

हिशोबासाठी पुरावा हवा, म्हणून पुढचे दोन आठवडे एका लहान वहीत रोज टिपून ठेवा: किती वाजता उठलात, रात्री किती वेळा आणि किती वेळ उठावे लागले, मुलीच्या कामाशिवाय घरातले आणखी काय काय केले. शेवटची नोंद फार महत्त्वाची आहे. मुलीचे कपडे धुता धुता सगळ्यांचे कपडे कधी धुवायला लागलो, हे कामाच्या ओघात कुणाच्याच लक्षात येत नाही. पाहुणे आले की भांडी, ताई थकल्या की स्वयंपाक, आणि मग तेच रोजचे. वहीत ते दिसले की तुम्हाला शांतपणे विचारता येईल की मूल सांभाळणे हेच माझे काम आहे की घरकामही, आणि घरकामही असेल तर त्याचे काय द्याल. कुटुंब प्रवासाला जाते तेव्हा तुम्हालाही नेले जात असेल, तर ते दिवस त्यांच्या सुट्टीचे आहेत, तुमच्यासाठी कामाचेच आहेत आणि बहुधा अधिक तासांचे. उलट ते तुम्हाला न घेता गेले, तर त्या दिवसांचा पगार कापला जाऊ नये, कारण तुम्ही कामाला तयार आहात आणि काम नाही हा निर्णय त्यांचा आहे.

आता कसे मागावे. वेळ उत्तम आहे, आणि ती हातची जाऊ देऊ नका. त्यांनी तुम्हाला दोन वर्षे थांबण्याविषयी विचारले आहे, तुम्ही अजून होकार दिलेला नाही. नव्या बाळासाठी अनोळखी बाई शोधणे, तिच्यावर विश्वास बसणे, मोठ्या मुलीने तिला स्वीकारणे, हे सगळे बाळंतपणाच्या दिवसांत करणे किती अवघड आहे ते त्यांना कळते. होकार देऊन झाल्यावर, किंवा बाळ घरी आल्यावर, हाच विषय काढला तर तुम्हालाही अपराधी वाटेल आणि त्यांनाही कोंडीत पकडल्यासारखे वाटेल. आत्ता बोलणे हे त्यांच्यासाठीही सोयीचे आहे.

दोघांशी एकत्र बोला. ताईंशी बोलून दादांना निरोप पोचवायला सांगितला, की मागणी पोचते आणि तिच्यामागची कारणे वाटेत गळतात. कामावर निघताना दारात बोलू नका. आदल्या दिवशी सांगून ठेवा, “ताई, दादा, तुम्ही थांबाल का असे विचारले होते, त्याविषयी मला तुमच्या दोघांशी अर्धा तास बसून बोलायचे आहे.” आणि बसल्यावर सुरुवात अशी करा: “मला थांबायचे आहे. मुलगी माझ्या अंगाखांद्यावर वाढली आहे आणि बाळालाही मी मनापासून सांभाळीन. पण दोन मुलांचे काम आणि रात्रीचे काम आपण नीट ठरवून घेऊ. मी दोन आठवड्यांचे तास लिहून आणले आहेत.” मग वही पुढे ठेवा, आकडा एकदाच स्पष्ट सांगा आणि थांबा. इथे थांबणे कठीण जाते. समोरची माणसे गप्प झाली की आपणच घाईने “नाहीतर थोडे कमी चालेल” म्हणून जातो. त्यांना विचार करू द्या. त्यांनी दोन दिवस मागितले तर द्या.

“तुम्ही तर घरच्याच आहात” असे कुणी म्हणाले तर त्या भावनेला धक्का लावू नका, ती कदाचित खरीही असेल. एवढेच म्हणा, की तुम्ही मला परके मानत नाही म्हणूनच मनात न ठेवता बोलते आहे. माया आणि पगार एकमेकांच्या बदल्यात दिले-घेतले जात नाहीत. तुम्ही मुलीवर करता ती माया पगारात धरलेली नाही, ती तुम्ही आपणहून देता. पगार आहे तो तुमच्या वेळेचा, जागरणाचा आणि जबाबदारीचा. “याहून कमी पैशांत दुसरी मिळेल” असे ऐकावे लागले तर तुलना करत बसू नका. “मिळेलही, पण मी दीड वर्षात मुलीचे जे ओळखते ते नव्या बाईला ओळखायला वेळ लागेल, आणि माझे काम तुम्ही पाहिलेले आहे,” एवढे पुरे. आत्ता खर्च फार आहेत असे म्हणाले, तर ते खरे मानून चाला आणि तास कमी करण्याची वही उघडा. किंवा वाढ दोन टप्प्यांत घ्या, एक आत्ता आणि दुसरी बाळ जन्मल्याच्या तारखेपासून, पण दोन्ही टप्पे आजच लिहून घेऊन.

लिहून घेणे म्हणजे अविश्वास, असे तुम्हाला वाटू देऊ नका. साध्या भाषेतला एक कागद, दोघांची सही, दोघांकडे एक-एक प्रत. त्यात दिवसाची सुरुवात व शेवट, रात्रींची व्यवस्था, पूर्ण सुट्टीचा वार, पगाराची रक्कम व तारीख, जादा तासांचा दर, भरपगारी आजारपणाचे दिवस, वर्षाने पगाराचा पुन्हा विचार आणि काम सोडण्याची वा सोडवण्याची पूर्वसूचना, एवढे असावे. पगार शक्यतो तुमच्या नावाच्या बँक खात्यात यावा. तुमची ओळखपत्रे तुमच्याकडेच असली पाहिजेत. सुरक्षित ठेवतो म्हणून त्यांनी आधीच घेऊन ठेवली असतील तर ती या बैठकीपूर्वी, वेगळे काही कारण सांगून, परत घ्या. उचल घेतलेली असेल तर तिची फेड पगाराच्या बोलण्यात मिसळू देऊ नका, नाहीतर वाढ कागदावर राहते आणि हातात तेवढेच पडते.

आता भीतीविषयी. नोकरीबरोबर छप्परही जाईल, हे तुम्ही लिहिले आहे आणि ते खरे आहे, म्हणून काही होणार नाही असे खोटे आश्वासन मी देणार नाही. बोलायला बसण्यापूर्वी एका गोष्टीची सोय करा: वाईटात वाईट झाले तर त्या रात्री आणि पुढचे दोन-तीन आठवडे कुठे झोपाल, हे ठरवून ठेवा. बहीण, मैत्रीण, नातेवाईक, कुणीही. तिला आधी सांगून तिची हो घ्या. महिनाभराच्या खर्चाएवढे पैसे तुमच्या स्वतःच्या खात्यात असू द्या. आधीच्या घरी काम केले असेल तर तिथून दोन ओळींचे शिफारसपत्र मागून घ्या. यातले काही वापरावे लागणार नाही अशी मला आशा आहे, पण ज्या बाईला रात्री जायला जागा आहे, तिचा आवाज बोलताना कापत नाही, आणि समोरच्यांनाही ते जाणवते. कागदात पूर्वसूचनेचा मुद्दा लिहिताना हेही घालून घ्या, की कामावरून कमी केले तर किमान एक महिना त्या घरात राहता येईल आणि त्या महिन्यात दुसरे काम शोधायला वेळ मिळेल. राहून काम करणाऱ्यांना पूर्वसूचनेच्या काळात दुसरे काम व जागा शोधायला मोकळा वेळ मिळावा, असे श्रम संघटनेच्या 2011 च्या शिफारसपत्रातही सांगितलेले आहे.

आणि त्यांनी काहीच मानले नाही तर? पगार तोच, सुट्टी तीच, रात्री तुमच्याच, असे म्हणाले, तर माझा सल्ला दोन वर्षांचा होकार देऊ नये हा आहे. बाळ येईपर्यंत आहे त्या अटींवर काम करा, तेवढ्यात दुसरे घर पाहा, आणि निघताना मुलीला आठवडाभर आधीपासून सांगत जा की मावशी जाणार आहे. तिला न सांगता निघून जाणे सोपे वाटते, पण इतक्या लहान मुलालाही आपले माणूस अचानक नाहीसे झालेले जाणवते. ताईंची परवानगी असेल तर नंतर एकदा-दोनदा तिला भेटायला जा.

दोन आठवड्यांची वही पूर्ण झाली, की आकडा घेऊन मला पुन्हा लिहा. बोलायला बसण्यापूर्वी तो आपण एकदा मिळून तपासू.